उमेदवार दारी येतो तेव्हा : नगरपालिकेच्या हातात काय असतं आणि काय नसतं



नगरपालिकेच्या 2023 मधल्या निवडणुका दोनदा पुढे गेल्या. मुळात त्या 31 ऑक्टोबर 2023 ला व्हायच्या होत्या. 7 ऑक्टोबरला जे घडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. लढाई सुरू झाली, तारीख 30 जानेवारीवर गेली आणि शेवटी 27 फेब्रुवारी 2024 ही ठरली. सीमेजवळच्या काही गावांत तर त्या आणखी उशिरा ठेवल्या गेल्या. मनं ठिकाणावर नव्हती, कोणाचा नातू मिलुइमवर होता, कोणाची नात. तरी उमेदवार फिरू लागले, आणि ते योग्यच होतं. गावाचा कचरा, रस्ता, शाळा, दवाखान्याकडे जाणारी वाट, ही कामं लढाई आहे म्हणून थांबत नाहीत.

त्या निवडणुकीच्या आधी आमच्या शेजारच्या घरी 'हुग बाइत' होता. म्हणजे एका घरी पंधरा-वीस माणसं जमतात, उमेदवार येतो, बोलतो, प्रश्न घेतो. आलेला तरुण आपल्याच समाजाचा. वडील ठाण्याचे, आई रेवदंड्याची, स्वतः इथं जन्मलेला. मराठी समजते, बोलताना अडखळतो. मोअत्सासाठी म्हणजे नगरपरिषदेसाठी एका स्थानिक यादीवर तो चौथ्या क्रमांकावर उभा होता. मुलगा चांगला वाटला. तो काय काय म्हणाला ते मी वहीत लिहून घेतलं, कारण आयुष्यभर एका कारखान्यात हिशेब लिहिले, ती सवय जात नाही.

त्याचं नाव नि गावाचं नाव इथं देत नाही. मला त्याचा प्रचारही करायचा नाही, विरोधही करायचा नाही. पण तो जे बोलला तेच अश्दोदला, दिमोनाला, लोदला, बेर शेव्याला कोणीतरी बोलत असणार. तेव्हा त्याचे मुद्दे एकेक घेऊन, त्यातलं काय खरोखर नगरपालिकेच्या हातात आहे आणि काय नाही, ते समजावून सांगावं म्हणून हा लेख. मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी थोडं : दोन पेतेक कशासाठी?

आपल्यापैकी जे मुंबईत वाढले त्यांच्या डोक्यात अजून मुंबई महापालिका असते. तिथं वॉर्ड असतो, वॉर्डाचा एक नगरसेवक असतो, नळाला पाणी आलं नाही की त्याच्या दारात जायचं. महापौराला निवडतात नगरसेवक, लोक नाही. आणि महापौराचा मान मोठा असला तरी कारभाराची खरी सूत्रं आयुक्तांकडे. आपले डॉ. एलिजा मोझेस 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर होते, महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. पण तेही त्याच पद्धतीनं निवडले गेले होते.

इथं तसं नाही. इथं दोन कागद असतात. पिवळा पेतेक 'रोश हाईर'साठी म्हणजे नगराध्यक्षासाठी, आणि पांढरा पेतेक मोअत्साच्या यादीसाठी. 1978 पासून नगराध्यक्षाला लोक थेट निवडतात. त्याला पहिल्या फेरीत निदान 40 टक्के मतं लागतात. कोणालाच तेवढी मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांमध्ये दुसरी फेरी होते. 2024 मध्ये ती 10 मार्चला होती.

पांढऱ्या पेतेकावर माणसाला मत नसतं, यादीला असतं. गावात वॉर्ड नाहीत, सगळं गाव एकच मतदारसंघ. यादीला जितकी मतं, तितक्या प्रमाणात जागा, आणि त्या जागा वरून खाली क्रमानं भरल्या जातात. म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : "बाळा, तू कितवा?" आमच्या या मुलाच्या यादीला तेव्हा मोअत्सात दोन जागा होत्या. तो चौथा. म्हणजे यादीच्या जागा दुप्पट झाल्या तर तो आत जाणार होता. तो म्हणाला, "रोटेशन ठरलं आहे, दुसरा मध्येच राजीनामा देईल." असे करार होतात. पण ते लेखी आहेत का, एवढं विचारायला आपल्याला लाज वाटू नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मोअत्साच्या साध्या सभासदाला पगार नसतो. पगार नगराध्यक्षाला आणि पगारी उपाध्यक्षांना. बाकीचे आपली नोकरी-धंदा सांभाळून काम करतात. तेव्हा "मी रोज तुमच्यासाठी हजर असेन" असं कोणी म्हणालं, तर त्याचा पोटापाण्याचा उद्योग काय तेही विचारावं.

पहिला मुद्दा : दुकानदारांची आर्नोना अर्धी करू

त्याचं पहिलं वाक्य हेच होतं. जुन्या बाजारातली दुकानं बंद पडत आहेत, गिऱ्हाईक गावाबाहेरच्या मोठ्या मॉलमध्ये जातं, लढाई सुरू झाल्यावर तर माणसं बाहेरच पडत नव्हती. आपल्या इंडियन दुकानाचंच पाहा. मलिद्याचे पोहे, गूळ, कोकम, गरम मसाला आपण जिथं घेतो, ते दुकान चालवणारा जोडपं म्हणून दोघंच उभी असतात, आणि मुलं म्हणतात, आम्ही हे पुढे चालवणार नाही. त्याचं दुखणं खरं आहे. पण औषध?

आर्नोना म्हणजे जागेवरची पट्टी. ती चौरस मीटरवर बसते. गावाचे विभाग असतात, आणि जागा कशाला वापरता त्यावर दर ठरतो. दुकानाचा दर घरापेक्षा कितीतरी पटीनं जास्त, आणि बँकांचा सगळ्यांत जास्त. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढची गोष्ट उमेदवार सांगत नाहीत. 1985 पासून या देशात आर्नोनेचे दर कायद्यानं बांधून टाकले आहेत. दरवर्षी सरकारी हिशेबानं ठरावीक टक्के वाढ आपोआप होते. त्यापेक्षा जास्त वाढवायची असो की दर खाली आणायचा असो, मोअत्सानं ठराव करून भागत नाही. गृहमंत्री आणि अर्थमंत्री या दोघांची परवानगी लागते. प्रत्येक प्रकाराला किमान नि कमाल दरही वरूनच ठरवलेला असतो.

मग अर्धी कशी करणार? एकटा नगराध्यक्षसुद्धा करू शकत नाही, तर चौथ्या क्रमांकाचा सभासद कुठून करणार? मी त्याला हेच विचारलं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "आंटी, अर्ज तर करू शकतो." बरोबर. अर्ज करू शकतो. मग तसंच म्हणावं : "मी अर्ज करायला लावीन." असं म्हटलं तर ते वचन पाळलं की नाही हे पाच वर्षांनी तपासता येतं.

आता दुसरी बाजूही समजून घेऊ. नगरपालिकेला दुकानांची नि कारखान्यांची आर्नोना इतकी हवी का असते? घरातून येणारी आर्नोना त्या घराच्या खर्चाला पुरत नाही. घरात मुलं असतात, त्यांना शाळा लागते, बालवाडी लागते, म्हाताऱ्यांना सेवा लागते, कचरा रोज निघतो. दुकान किंवा कारखाना पैसे देतो जास्त आणि मागतो कमी. म्हणून ज्या शहरात बँका, कचेऱ्या, कंपन्या जास्त ते शहर श्रीमंत, जसं तेल अवीव. आणि आपल्या लोकांना ज्या गावांत पाठवलं गेलं ती गावं या बाबतीत कायम कमनशिबी. मृत समुद्राकाठच्या पोटॅशच्या कारखान्यात कामाला माणसं दिमोनाहून, येरुहामहून जातात, पण कारखाना तामार प्रादेशिक परिषदेच्या हद्दीत. घाम एका गावाचा आणि आर्नोना दुसऱ्या गावाला, असं वर्षानुवर्षं चाललं. 2023 मध्ये कनेसेतनं 'आर्नोना फंडा'चा कायदा केला, त्याच्या आधी अनेक नगरपालिकांनी संप केला, तो याच भांडणातून. धंद्याच्या आर्नोनेचा काही भाग एकत्र करून, जी गावं नवी घरं बांधतील त्यांना द्यायचा, अशी ती योजना.

म्हणून गावाबाहेर मॉल आला की नगरपालिका खूष होते. तिला पैसा दिसतो. जुना बाजार त्यात मरतो हे तिला उशिरा कळतं, तिथली दुकानं रिकामी पडून तिथली आर्नोना बुडू लागते तेव्हा. उमेदवाराला विचारायचं ते हे : पुढचा मॉल मंजुरीला येईल तेव्हा तू हात वर करशील की खाली ठेवशील? याचं उत्तर हो किंवा नाही असंच असतं.

दुसरा मुद्दा : पार्किंग, पाटी, परवाना

हा मुद्दा त्यानं घाईघाईत उरकला, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. कारण यातलं बरंचसं खरोखर नगरपालिकेच्या हातात असतं.

जुन्या बाजारात पहिला अर्धा तास पार्किंग फुकट ठेवायचं, असं तो म्हणाला. हे मोअत्सा करू शकते. दुकानावरच्या पाटीची फी, फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या-टेबलांचे पैसे, हे नगरपालिकेच्या स्वतःच्या उपनियमांतून येतात. उपनियम बदलायचे तर ठराव करून ते गृहखात्याकडे जातात, वेळ लागतो, पण सुरुवात मोअत्सातूनच होते. फुटपाथच्या उखडलेल्या फरशा, दिवे, बाकं, सावलीला झाडं, सार्वजनिक संडास, हे तर निव्वळ नगरपालिकेचंच काम. आणि खरं सांगायचं तर म्हातारं माणूस मॉलमध्ये का जातं? तिथं बसायला जागा असते, थंड हवा असते, पायऱ्या नसतात आणि शेरुतिम स्वच्छ असतात. जुन्या बाजारात चार बाकं नि एक धड संडास असता तर आपणच तिथं गेलो असतो. गिऱ्हाईक परत आणायला काय लागतं याचा अर्धा जबाब आपल्या गुडघ्यांकडे आहे!

परवान्याचं थोडं वेगळं आहे. धंद्याच्या परवान्याचा कायदा 1968 चा. खाण्याच्या वस्तूंचं दुकान, हॉटेल, न्हाव्याचं दुकान असे धंदे त्यात येतात. परवाना देते नगरपालिका, पण आधी आरोग्यखातं, अग्निशमन दल, धंद्याप्रमाणे पोलीस नि पर्यावरण खातं, यांची संमती लागते. नगराध्यक्ष आरोग्यखात्याला हुकूम देऊ शकत नाही. मात्र त्याच्या कचेरीत एक माणूस असा ठेवू शकतो, जो दुकानदाराला बसवून सांगेल की कोणते कागद लागतात आणि कोणत्या क्रमानं. ज्याचं हिब्रू वाचन कच्चं आहे त्याला तर असा माणूस सोन्यासारखा. सरकारनं अलीकडच्या वर्षांत कमी धोक्याच्या धंद्यांसाठी लवकर परवाना मिळण्याची सोय केली आहे. आपल्या किती दुकानदारांना ती माहीत आहे? नगरपालिकेनं हे सांगायला हवं, आणि याला पैसा जवळजवळ लागत नाही.

"नगरपालिकेच्या समारंभांचं जेवण आपल्याच लोकांकडून मागवू," असंही तो म्हणाला, नि खोलीत टाळ्या पडल्या. इथं मात्र जरा सावध. नगरपालिकेची खरेदी ठरावीक रकमेपुढे गेली की टेंडर काढावं लागतं. आपल्या माणसाला मर्जीनं काम देणं बेकायदा आहे, आणि ते असायलाच हवं, कारण मर्जी आज आपल्याकडे आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईल. करता येण्यासारखं इतकंच, की लहान खरेदीसाठी भाव मागवताना गावातल्या छोट्या दुकानदारांनाही कळवायचं, आणि टेंडरची भाषा सोपी ठेवायची.

लढाईत झालेल्या नुकसानीची भरपाई, मिलुइमवर गेलेल्या दुकानदाराला मिळणारा पैसा, हे सरकारचं आणि बितुआह लेउमीचं काम. नगरपालिका तिथं फक्त अर्ज भरायला मदत करू शकते.

तिसरा मुद्दा : समाजासाठी हॉल

"आपल्या समाजाला स्वतःचा हॉल मिळवून देईन." प्रत्येक निवडणुकीत हे ऐकलं आहे. मलिदा, मेंदीची हळद, कोणाची शोकसभा, मराठी नाटक, सगळ्याला जागा लागते, नि सिनेगॉगचं तळघर पुरत नाही. तेव्हा हे मिळवायची वाट कशी असते ते पाहू.

नगरपालिका आपली जमीन किंवा इमारत सार्वजनिक कामासाठी फुकट किंवा नाममात्र पैशात देऊ शकते. पण त्याला गृहखात्यानं 2001 मध्ये घालून दिलेली पद्धत आहे. मागणारी संस्था नोंदलेली अमुता हवी. तिचे हिशेब वेळच्या वेळी दाखल झालेले असावेत, 'निहुल ताकीन'चं प्रमाणपत्र हवं. अर्ज झाला की जाहिरात निघते, हरकती मागवतात, समिती पाहते, मग मोअत्सात मतदान होतं. म्हणजे एकटा कोणी माणूस हॉल 'मिळवून देत' नाही. तो मोअत्सात तुमच्यासाठी हात वर करू शकतो आणि फाईल अडकली तर ढकलू शकतो.

वर्षाच्या मदतीचंही तसंच. समाजाच्या कार्यक्रमांना नगरपालिका 'तमिखा' देते, त्याचे निकष सगळ्या संस्थांना सारखे ठेवावे लागतात. अर्ज तपासणारी समिती अधिकाऱ्यांची असते, निवडून आलेल्यांची नाही. शेवटचा ठराव मोअत्सा करते.

यातून आपल्यासाठी धडा असा, की अर्धं काम निवडणुकीच्या आधीच आणि आपल्याच हातात असतं. आपल्या गावात बेने इस्राएलांच्या अमुता किती आहेत? दोन? तीन? प्रत्येकीचे हिशेब पूर्ण आहेत का? एकाच जागेसाठी तिघांनी अर्ज केला तर नगरपालिकेला नाही म्हणायला सोपं जातं. उमेदवाराला हॉल मागण्याआधी आपण एका टेबलाभोवती बसलो तर बरं.

रस्त्याला किंवा चौकाला नाव देणं ही गोष्ट मात्र थेट मोअत्साची. तिला फार पैसा लागत नाही. आपल्या कोणा शिक्षिकेचं, नर्सचं किंवा गाव उभं करणाऱ्या कामगाराचं नाव गल्लीला लागलं तर नातवंडं विचारतील, हे कोण होते? ही मागणी छोटी आहे, पण पुरी होण्यासारखी आहे.

चौथा मुद्दा : आपण म्हातारे

"ज्येष्ठांसाठी बस सुरू करीन," तो म्हणाला. बसचे मार्ग नि वेळा वाहतूकखातं ठरवतं, नगरपालिका नाही. नगरपालिका मागणी करू शकते, थांब्यावर छप्पर नि बाक लावू शकते. दवाखाना कुपात होलीमचा, पेन्शन बितुआह लेउमीचं. त्यांच्या तक्रारी नगरपालिकेच्या उमेदवारासमोर मांडून वेळ जातो.

मग आपलं काय आहे तिथं? पुष्कळ आहे. समाजसेवा खातं, म्हणजे 'लिश्कात रेवाखा', नगरपालिकेचं असतं. त्याच्या खर्चाचे 75 टक्के सरकार देतं आणि 25 टक्के नगरपालिकेनं घालायचे असतात. आता गंमत पाहा. गाव गरीब असेल आणि स्वतःचे 25 घालू शकलं नाही, तर सरकारचे 75 सुद्धा येत नाहीत. ज्या गावात गरज जास्त तिथंच पैसा कमी पोचतो. म्हणून उमेदवाराला "म्हाताऱ्यांवर तुझं प्रेम आहे का?" असं विचारू नका. "रेवाखाच्या बजेटमध्ये गावाचा 25 टक्के वाटा पुरा घालायला तू मत देशील का?" असं विचारा. बजेट मोअत्साच मंजूर करते. दिवसाच्या केंद्रात मराठी समजणारी एक तरी बाई असावी, ही मागणीही तिथंच करायची. स्मरणशक्ती कमी होऊ लागली की माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरतं. आपल्यातले किती जण आज पुन्हा फक्त मराठीतच बोलतात, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आणि आर्नोनेची सवलत. तिच्यासाठी निवडणुकीची वाट पाहायची गरज नाही. नियमाप्रमाणे म्हातारपणाचं पेन्शन घेणाऱ्याला 25 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. पेन्शनबरोबर 'हश्लामात हाखनासा' मिळत असेल तर ती 100 टक्क्यांपर्यंत जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली, एकट्या राहणाऱ्याचं उत्पन्न देशातल्या सरासरी पगारापेक्षा जास्त नसेल, किंवा कुटुंबाचं त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नसेल, तर 30 टक्के सवलत आहे. या सगळ्या पहिल्या 100 चौरस मीटरवर, आणि एका वेळी एकच मिळते. 30 टक्क्यांसाठी स्वतः अर्ज करावा लागतो, नि पुष्कळ जण तो करतच नाहीत. आर्नोनेचा कागद मुलाला किंवा नातीला दाखवा, 'हनाखा' लिहिलं आहे का बघायला सांगा.

मतांचा हिशेब

आता आकड्यांकडे वळते. मोअत्सात शिरण्यासाठी यादीला किती मतं लागतात? एकूण वैध मतांना जागांनी भागायचं. जो आकडा येतो त्याच्या निदान 75 टक्के मतं यादीला मिळाली पाहिजेत.

समजा गावात 20,000 वैध मतं पडली आणि जागा 17 आहेत. भागाकार सुमारे 1,176. त्याचे 75 टक्के म्हणजे सुमारे 882. म्हणजे नऊशे मतांची यादी आत जाऊ शकते. आता समजा आपल्या समाजाची मतं हजार आहेत. ती एका जागी गेली तर आपलं कोणी आत बसेल, किंवा मोठ्या यादीला आपल्या माणसाला पाचव्या-सातव्या जागेवरून दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर आणावं लागेल. तीच मतं चार याद्यांवर चार भावंडांनी अडीचशे-अडीचशे मागितली, तर चौघेही बाहेर. दरवेळी असंच होतं नि मग आपण म्हणतो, "आपल्याला कोणी विचारत नाही."

एकजुटीचा अनुभव आपल्याला नाही असं नाही. 1962 नंतर लग्नाच्या बाबतीत आपल्या ज्यूपणावर शंका घेतली गेली, तेव्हा आपली माणसं यरुशलेमला जाऊन बसली. मागणी एकच आणि स्पष्ट होती. ऑगस्ट 1964 मध्ये सरकारला कनेसेतमध्ये स्पष्ट सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. तेव्हा आपल्याकडे ना पैसा होता, ना मोठा पुढारी. एक मागणी, एक आवाज, एवढंच होतं.

एकत्र म्हणजे डोळे झाकून आपल्या आडनावाला मत, असं मात्र मी म्हणत नाही. दुसऱ्या समाजाची बाई आपल्या बाजारासाठी आणि रेवाखाच्या बजेटसाठी लढणार असेल, तर ती आपलीच. आपला मुलगा नुसत्या टाळ्या घेऊन जाणार असेल, तर त्याला प्रेमानं पुन्हा अभ्यासाला बसवावं.

काय विचारायचं, आणि नंतर काय करायचं

उमेदवार घरी आला की चहा द्या, नि हे पाच प्रश्न विचारा. यादीत तू कितवा? जे सांगतोस ते मोअत्साच्या हातात आहे की सरकारच्या? पैसा कुठून येणार, नि त्यासाठी काय कमी करशील? मोअत्साच्या कोणत्या समितीत काम करणार? आणि पहिल्या वर्षात यातलं कोणतं एक काम पुरं करशील? उत्तरं कागदावर लिहून घ्या, तारीख टाका, नि त्यालाच सही करायला सांगा. चांगल्या उमेदवाराला याचा राग येत नाही. आमच्या मुलानं सही केली, पार्किंगच्या नि बाकांच्या मुद्द्याखाली. आर्नोनेच्या मुद्द्याखाली त्यानं 'अर्ज करायला लावीन' असं स्वतः हिब्रूत लिहिलं.

आणि लक्षात ठेवा, मतासाठी भेटवस्तू किंवा पैसे देणं हा गुन्हा आहे, तसंच घेणंही.

मतदानाला जाताना तेउदात झेहूत घ्या. तुमचा काल्पी तुमच्या नोंदलेल्या पत्त्याप्रमाणे असतो. चालता येत नसेल तर सोयीच्या, पायऱ्या नसलेल्या काल्पीबद्दल आधी चौकशी करा. आजारपणामुळे किंवा अधूपणामुळे स्वतः पेतेक टाकता येत नसेल, तर विश्वासातलं माणूस बरोबर नेता येतं. मात्र वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक किंवा नोकर तसा सोबत चालत नाही. 17 वर्षं पूर्ण झालेल्या नातवंडांनाही या निवडणुकीत मत आहे. कनेसेतच्या निवडणुकीत 18 लागतात, म्हणून पुष्कळ मुलांना हे ठाऊकच नसतं. त्यांना हाताला धरून न्या, किंवा त्यांच्या हाताला धरून तुम्ही जा.

निवडणूक झाली की संपलं असं समजू नका. मोअत्साच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात, मागं बसून ऐकता येतं. कार्यवृत्त नगरपालिकेच्या संकेतस्थळावर येतं, कोणी कशाला हात वर केला ते त्यात असतं. फरशी उखडली, दिवा गेला तर 106 ला फोन करा, तक्रारीचा नंबर मागून घ्या नि लिहून ठेवा. तेवढ्यानं झालं नाही तर नगरपालिकेत लोकांच्या तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याच्याकडे लेखी जा. आपल्याकडे वेळ आहे, वही आहे, आणि आठवण ठेवायची सवय आहे. सहीचा तो कागद फ्रिजवर लावून ठेवा, पुढच्या वेळी उमेदवार येईल तेव्हा कामाला येईल.